दाऊदचाचांची एक हाक

चोपन्न-पंचावन्नची गोष्ट असेल. मी रत्नागिरीच्या कचेरीत कारकून होतो. फायलींवर ‘फॉर ॲक्शन’, म्हणजे ‘कार्यवाहीसाठी’, असं लिहून त्या पुढच्या टेबलावर सरकवायच्या, एवढंच माझं इंग्रजी. तेच एकदा मांडवीच्या धक्क्यावर दाऊदचाचांपुढे मिरवलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चाचा गोऱ्या साहेबाच्या जहाजावर खलाशी होते.

ते हसले. "आमच्या जहाजावर पंप बिघडून बंद पडला तर तो ‘आउट ऑफ ॲक्शन’. नि नुसतं ‘ॲक्शन’ ऐकलं, की ज्याने त्याने आपली जागा गाठायची. इचारायचं नाय."

तेवढ्यात धक्क्याला लागलेल्या एका मचव्यातल्या गवताने पेट घेतला. शेजारी आणखी सात मचवे बांधलेले. माणसं नुसतीच आरडाओरडा करत धावायला लागली. चाचा उठून ओरडले, "ॲक्शन!"

पलीकडे विडी ओढत बसलेले तीन म्हातारे ताडकन उठले. तिघेही चाचांच्याच जहाजावरचे. एकाने शेजारच्या मचव्यांचे दोर सोडले, दुसऱ्याने ओलं शीड आगीवर ओढलं, तिसरा बादल्या भरायला लागला. कुणी कुणाला एका शब्दाने विचारलं नाही. आग विझली, तसे तिघे परत विडी पेटवून बसले.

दुसऱ्या दिवशी कचेरीत फाईल पुढ्यात आली. टाक दौतीत बुडवला, पण तो शब्द लिहायला हात धजेना.