शेंडे खिंडीकडे

कुसाबाई : ...अन् ह्याचा बी शेंडा वरच्या अंगाला. लिवलं का, साहेब?

रंगनाथ : लिहिलं. त्रेसष्टावा साग. कुणी हलवला तर नाही ना हा?

कुसाबाई : कोण हलवंल? मंगळवारपासनं समदा गाव ओढ्यात हाय, माझ्या मालकाला धुंडीत.

(पेठच्या डोंगरातला, एकोणीसशे छत्तीस सालचा वैशाख. मंगळवारी तुफान भोवऱ्यासारखं गरगरत आलं आणि कुसाबाईच्या नवऱ्याला, धोंडीरामला, खळ्यावरच्या झोपडीसकट घेऊन गेलं. आज शुक्रवारी रंगनाथराव नाशिकहून आले ते त्या तुफानाचा माग काढायला. सरकारी माणूस, हातात होकायंत्र, आणि पुस्तकावर भिस्त अशी की डोंगर खोटा ठरावा. मागून धोंडीरामचा चुलता, म्हातारा सावळीराम, सकाळपासून मुक्यासारखा चालतो आहे.)

रंगनाथ : वारा कुठून कुठे फिरला ते पडलेल्या झाडांवरूनच कळतं, बाई.

कुसाबाई : म्हणून तर तुमच्यासंगं आले. वाऱ्याचा माग काढणाऱ्याला माणसाचा बी लागंल, म्हणलं. सांगा की, कुठं गेला वारा?

रंगनाथ : पुस्तकाप्रमाणे असा भोवरा डोंगराला धडकला की मोडतो. उचललेलं सगळं खालीच पडायला हवं. ओढ्यात शोधताय ते बरोबर आहे.

कुसाबाई : आम्ही बी तेच धरलं. डोंगरात हरवलं ते ओढ्यात गावतं. पर मग शेंडे वर का?

रंगनाथ : म्हणजे?

कुसाबाई : आम्ही लाकूडतोडीची माणसं, साहेब. चढावरचा साग आपल्या मनानं खाली पडतो. हे समदे खिंडीकडं तोंड करून पडलेत.

रंगनाथ : थांबा. वही बघू द्या. ...देवा. त्रेसष्ट झाडं मोजली मी, आणि एकेकापुढे "कुणीतरी हलवलेलं असावं" असं लिहीत गेलो. अहो, भोवरा मोडलाच नाही. चढला. खिंड ओलांडून पलीकडे गेला. बाई, झोपडीतलं काही सापडलं का कुणाला?

कुसाबाई : त्यांची घोंगडी. बुधवारी ओढ्यावरनं आले तर दारात ठेवलेली.

रंगनाथ : कुणी आणली? कुठे मिळाली?

कुसाबाई : ते इचारायचं नसतं. वाऱ्यानं नेलेली वस्तू ज्याची त्याच्या दारात मुक्यानं ठेवायची. बोललं तर वारा आपल्या घरात शिरतो.

सावळीराम : म्या ठिवली.

कुसाबाई : मामंजी? तुम्ही?

सावळीराम : खिंडीपल्याड करवंदीच्या जाळीत अडकली हुती.

रंगनाथ : दोन दिवस झाले, आजोबा, आणि तुम्ही आत्ता बोलताय? आणखी काय दिसलं तिथे?

सावळीराम : दिसलं काय नाय. हाक आली.

कुसाबाई : कुणाची?

सावळीराम : मलाच, "तात्या, तात्या" करून. खालनं, दरीतनं. आवाज धोंड्याचाच.

कुसाबाई : अन् तुम्ही काय केलं?

सावळीराम : त्याचा आवाज, म्हणून तर भ्यालो गं पोरी. तू इकडं ओढ्यात रडत फिरत हुतीस, म्हणजे तो गेलाच असं म्या धरलं. अन् चकवा आपल्याच माणसाच्या आवाजात बोलावतो. ओ दिली की घिऊन जातो. माझ्या बापानं सांगितलेलं. कानात बोटं घातली अन् पळत आलो.

रंगनाथ : परत गेला नाहीत?

सावळीराम : काल गेलतो. जीव राहीना. पर खिंडीतनं पुढं पाय उचलंना.

कुसाबाई : काल आली का हाक?

सावळीराम : आली. लय बारीक. पाणी मागत हुता.

रंगनाथ : काल. म्हणजे काल जिवंत होता. कुसाबाई, ऐकताय ना?

सावळीराम : पोरी, चार शिव्या दे मला. थोबाडीत मार.

कुसाबाई : शिव्यांना जन्म पडलाय, मामंजी. साहेबांच्या बाटलीतलं पाणी घ्या अन् पुढं व्हा, वाट तुम्हांलाच ठावी हाय. अन् चालता चालता ओ देत राहा.