गाण्यातलं 'आई गं'

...आणि वर आमचे पाळकसाहेब मलाच म्हणतात, काका, तुम्ही तेव्हाच लक्ष दिलं असतं तर हे झालंच नसतं. अहो, मी कीबोर्ड वाजवू की पोरांचे हात बघू? जाऊ दे. तुम्हाला सांगतो, मला काही वाटत नाही. पण ऐका तर...

आमच्या चर्चमध्ये रविवारी पहिली ते चौथीची मुलं हातवारे करत गाणी म्हणतात. शिकवायची आमची ही, मागे वाजवायचो मी. मुलांचं लाडकं गाणं कुठलं, तर 'उंच उंच आभाळी देवा तुझं घर, हात माझे इवले, तरी पोचती वर.' 'वर' म्हटलं की दोन्ही हात वर करायचे. आता हिचा उजवा खांदा आखडलेला. डॉक्टर म्हणाले, हात उचलू नका. ऐकेल ती बाई? 'वर' म्हणायची, डावा हात आभाळात, उजवा जेमतेम कानापर्यंत, आणि तोंडातून 'आई गं'... तेही अगदी तालात! मुलं काय, बाई करतील तसं करणार. डावा वर, उजवा कानाशी, तोंड वाकडं, आणि सगळी एका सुरात, 'आई गं'. त्यांना वाटलं, हे गाण्यातच आहे.

मग ही गेली. लोक म्हणाले, रडा हो, मोकळे व्हा. कुठून रडू? मला काही वाटतच नव्हतं. चहात साखर आहे की नाही, तेही कळेना. त्यात मुलांचा वर्ग आला माझ्या गळ्यात. आणि आता बाहेरून मोठे पाहुणे येणार म्हणून पाळकसाहेब म्हणतात, "काका, ते कण्हणं तेवढं काढा. देवाच्या घरी हात पोचल्यावर आनंद व्हायचा की कळ यायची?"

बरोबर आहे त्यांचं. बसलो काढायला. मुलांना सांगितलं, ते बाईंचं दुखणं होतं रे, गाणं नव्हतं. तर पुढचे दात पडलेली एक चिमुरडी मला विचारते, "मग आता ते कोण म्हणणार?" घ्या. मला काही वाटलं नाही. म्हटलं, कुणी नाही, हात सरळ कर.

पोरं गुणी हो, शिकली. पाहुण्यांसमोर दोन्ही हात ताठ, तोंडं हसरी... 'तरी पोचती वर'... आणि पुढे ती जागा रिकामी. एवढीशीच. सगळं चर्च गप्प. आणि माझ्यासमोरच्या माईकमधून खणखणीत, 'आई गं'. पाळकसाहेब डोळे वटारून पोरांकडे बघतायत, पोरं माझ्याकडे बघतायत, आणि मी कीबोर्डकडे बघतोय तर पट्ट्या सगळ्या ओल्या. बोटं घसरतायत, गाणं कुठल्या कुठे चाललंय, आणि मला थांबताच येईना.

नंतर पाळकसाहेब जवळ आले, पाठीवर हात ठेवला, म्हणाले, "मुलं छान सुधारली, काका. आता तेवढं तुमचं बघा."

तेव्हा पुढच्या रविवारपासून मी पहिलीच्या रांगेत. शिकवणार कोण, तर ती दात पडलेली. आणि ती फार कडक आहे हो.