तेवढं गाळा!

...नाही, मला एक सांगा, चहा गाळतात, पाणी गाळतात, पण गोष्ट गाळलेली ऐकलीय कधी कुणी? तुम्हाला सांगतो, मी उभा जन्म नाटकात काढला, पण कुठे? विंगेत! प्रॉम्प्टर! नट वाक्य विसरला की आपण अंधारातून कुजबुजायचं. राजा असो, राक्षस असो, कुजबुजायचं! टाळ्या त्याला, खोकला आपल्याला! एकदा तरी, मरायच्या आधी एकदा तरी मोठ्यानं गर्जायचं होतं हो! त्यात वाचनालयाच्या बाई म्हणाल्या, "रविवारी मुलांना जुन्या अभिजात गोष्टी वाचून दाखवाल का?" मी मनातल्या मनात उडीच मारली. नातीला सांगून ठेवलं, "बघच, आजोबांचा राक्षस कसा येतो!"

गेलो. पोरं सतरंजीवर आणि मागे खुर्च्यांवर आई-बाप. तिथेच घात झाला! पुस्तक उघडलं, "एक होता राजा, त्याला दोन राण्या..." की मागून नाजूक आवाज, "काकाऽ, दोन? मुलं नको ते विचारतात हो... तेवढं गाळा!" गाळली एक राणी. "राजकन्येची सावत्र आई..." लगेच एक गृहस्थ खाकरले, "अं... आमची ही दुसरी... तेवढं गाळा!" बरं बाबा, गाळली! "कोल्हा होता लबाड..." पुन्हा त्याच नाजूक बाई, "प्राण्यांना नावं ठेवू नये ना काकाऽ, तेवढं गाळा!" का हो, कोल्हा तुमच्याकडे रडत आला होता? इकडे पोरं जांभया देतायत, एकानं सतरंजीचे दोरे उसवायला घेतलेत, आणि मागे हे माना डोलावतायत, अकलेचे खंदक! घरी टीव्हीवर खून बघत बघत जेवतील, पण गोष्टीत राक्षस म्हटलं की यांना दरदरून घाम!

शेवटी आला माझा राक्षस. नात सावरून बसली. मी छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं, "हाऽऽ..." आणि खणखणीत आवाज आला, "बाबा! तेवढं गाळा!" कोण? आमच्या सूनबाई! घरचा आहेर! मग उरलं काय? "एक होता राजा... होता." बस्स, होता! गाळून गाळून नुसता गाळ! पोरांनी टाळ्या वाजवल्या... सुटलो म्हणून! जन्मात पहिल्यांदा टाळ्या मिळाल्या, त्याही अशा!

घरी निघालो. सूनबाई पुढे, आम्ही दोघं मागे. नातीनं बाही ओढली. "आजोबा, माझा राक्षस?" अहो, म्हटलं, आता भर रस्त्यात गर्जतो, व्हायचं ते होऊ दे! फुगवली छाती... तर कार्टी तोंडावर बोट ठेवून म्हणते, "शूऽऽ, हळू! आईला भीती वाटते."

झालं! काय करता? वाकलो, तिच्या कानाला लागलो आणि केला राक्षस... प्रॉम्प्टिंगच्या आवाजात!