साठेखतातलं घर

फेब्रुवारी १९९१, रियाध. अल मलाझमधल्या टेलिफोन बूथमधून रत्नागिरीचा एकजण बाहेर आला आणि रांगेत माझ्यामागे उभ्या असलेल्या दोस्ताजवळ थांबला.

“काय रे हाशिर, घरी ठीक ना?”

“सुलेमानचाचांनी घराचं खरेदीखत केलं. तबस्सुमच्या नावावर.”

“वहिनीच्या? पण घर तुमचंच ना? घरपट्टी तू भरतोस.”

“राहणाऱ्यानं भरायची, असं साठेखतात आहे. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालक चाचाच.”

“मग हप्ते फिटले?”

“निम्मे राहिलेत. इथे इराकचं स्कड क्षेपणास्त्र पडल्याचं रेडिओवर ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी तिला घेऊन रजिस्ट्रारकडे गेले.”

“आणि राहिलेले हप्ते?”

“तिला म्हणाले, ते मी हाशिरच्याच हातून घेणार.”