टोपलीत चार, आणि आम्ही पाच

नाही, मग तुम्हीच सांगा ना, चार हा-गाऊ पाच माणसांत वाटायचे कसे? चिरून? हा-गाऊ चिरतात का कधी? अहो, कोळंबीची ती उकडलेली इवलीशी करंजी, तिची पारी इतकी पातळ की मी एकदा तिच्यातून वर्तमानपत्रातलं शर्यतीच्या घोड्याचं नाव वाचलंय... बायको म्हणते, थापा मारू नकोस. पण घोडा जिंकला होता, आता बोला! तर ती चिरली की आतला रस बशीत, आणि बशीतला रस माझी आई पिणार. म्हणजे मला काय? वाफ!

पन्नास वर्षं, तुम्हाला सांगतो, पन्नास वर्षं दर रविवारी आम्ही आमच्या शाम शुई पो वस्तीतल्या त्याच चहाघरात, त्याच कोपऱ्यात, माशांच्या टाकीशेजारच्या त्याच टेबलावर बसतोय, कारण बाबांना दुसरीकडे चहा गोड लागत नाही. ‘तो मासा मला ओळखतो,’ म्हणतात. आजवर नऊ मासे बदलले, पण त्यांना सांगणार कोण? आता हा कोपरा भटारखान्यापासून इतका लांब, की युत-किउ काकी ती ढकलगाडी घेऊन ‘हा-गाऊ! सिउ-माय!’ अशी पदार्थांची नावं पुकारत आमच्यापर्यंत येईस्तोवर गाडीत हा-गाऊची एकच टोपली उरलेली असते. एकच! ‘काकी, अजून एक...’ म्हटलं की, ‘अजून एक काय अजून एक? मी आत जाऊन कोळंबीला जन्म देऊ?’

आणि टोपलीत चार, आणि आम्ही पाच!

लहान होतो तेव्हा आजोबा, आजी, बाबा, आई, झाले चार. ‘शिंग, तू लहान आहेस, तुला अख्खं आयुष्य पडलंय खायला!’ बरं. थांबलो. आजोबा-आजी गेले, माझं लग्न झालं, मुलगी झाली, म्हटलं आता तरी?... तर बाबा आणि आई म्हातारे, त्यांना आधी. लोक-यी लेकरू, तिला आधी. लेकरू! चोवीस वर्षांचं लेकरू, बँकेत साहेबीण आहे! उरला एक. बायको, वाई-क्वान, म्हणते, ‘तुला हवा असेल तर घे ना माझा.’ पण ज्या आवाजात म्हणते ना, तो आवाज ऐकून संसारी माणूस घेईल का हो? ‘नको नको, मला कुठे एवढा आवडतो!’ हे वाक्य मी इतक्यांदा बोललोय की घरात सगळ्यांना खरंच वाटायला लागलंय!

बाकी काही मिळत नाही असं नाही. पंजे मिळतात ना, कोंबडीचे! पण ते आईचे. आई एक पंजा तोंडात टाकते, ओठ जरा हलतात, आणि टक-टक-टक हाडं बशीत. एका रविवारी तिनं इतकी हाडं जमवली की वेटरनं त्यांतून अख्खी कोंबडी उभी केली, आणि ती आरवली! बरं, आरवली नसेल, पण उभी होती. मुळ्याची वडी बायकोची. आतून पिवळं वितळतं ते पाव मुलीचे. मी? मी चहा ओततो. सगळ्यांना. बाबांना आधी.

तर परवा बुधवारी मला पन्नास पूर्ण झाली. आणि मी ठरवलं. बास. एक अख्खी टोपली. चारही माझे. गरम, कुणी न बघता, कुणाला ‘नको’ न म्हणता! जिन्याखालची माझी किल्ल्यांची टपरी बंद केली आणि बायकोला म्हटलं, ‘दाताच्या डॉक्टरकडे जातो, अक्कलदाढ दुखतेय.’

‘पन्नासाव्या वर्षी अक्कलदाढ?’

‘उशिरा येते कुणाकुणाला.’

‘तुझी उशिराच येणार. जा, जा, निवांत ये!’ आता बायको ‘निवांत ये’ म्हणाली, तिथेच मला शंका यायला हवी होती की नाही? पण डोक्यात कोळंबी!

चहाघरात गेलो तर सगळी टेबलं भरलेली. आमचंच तेवढं कोपऱ्यातलं अर्धं रिकामं, पलीकडे कुणीतरी म्हातारा वर्तमानपत्र उघडून बसलेला. इथे काय, जागा मिळेल तिथे बसायचं, समोरच्याचं तोंड बघायचं नाही. मीही वर्तमानपत्र उघडलं. इकडे एक वर्तमानपत्र, तिकडे एक वर्तमानपत्र, मधे चहाची किटली. युत-किउ काकी आली, माझ्याकडे बघून उगाचच हसली, आणि टोपली आदळली. ‘ही शेवटची. आधीच्या तीन त्या वर्तमानपत्रानं खाल्ल्या.’

झाकण काढलं... अहाहा! चार! गुलाबी, थरथरणारे, माझे! घाई नको म्हटलं. आधी चहा. आणि तिथेच घात झाला! पन्नास वर्षांची सवय हो, हात आपला स्वतःच्या कपात ओतायच्या आधी समोरच्याच्या कपात ओतून मोकळा! आता चहा ओतला की समोरच्यानं दोन बोटांनी टेबल वाजवायचं, ते आभार. वर्तमानपत्राखालून हात आला. टक्... आणि मग, जरा उशिरा... टक.

ते उशिराचं टक जगात एकाच माणसाचं! बाबांचं मधलं बोट वाकडं आहे, ते नेहमी मागून पोचतं. बाबा सांगतात शार्कनं चावलं, आई सांगते घडीच्या खाटेत अडकलं.

मी वर्तमानपत्र हळूच खाली केलं. तिकडचंही खाली झालं.

‘दाताचा डॉक्टर इथे बसतो होय रे?’

‘आणि तुमचा हाडवैद्य? सकाळी साडेसहाला गुडघा दाखवायला गेला होतात ना?’

‘गाढवा, मी जागा धरून बसलोय! तुझ्या वाढदिवसाची! अकराला सगळे येणार, मग तुला बोलावणार, तू चकित होणार. आता काय होणार तू?’

‘आणि तीन टोपल्या?’

‘जागा काय उपाशी धरायची?’

म्हटलं ठीक, चार हा-गाऊ, दोघे आपण, दोन-दोन... आयुष्यात पहिल्यांदा भागाकार जमला हो! काड्या उचलल्या, एक हा-गाऊ धरला, ओठांपर्यंत आणला, वाफ नाकात गेली, आणि मागून आवाज, ‘शिंग?!’

आई, वाई-क्वान, लोक-यी. तिघी ओळीनं!

‘तुझी दाढ कुठाय?’ वाई-क्वान.

आता तुम्ही असता तर काय केलं असतंत? मी थापाड्या माणूस, तोंड आपोआप चालतं. म्हणालो, ‘तुम्ही येणार हे मी ओळखलं होतं. म्हटलं, हा-गाऊ संपतील, तर तुमच्यासाठी शेवटची टोपली धरून बसलोय!’

आणि आईच्या डोळ्यांत पाणी! ‘बघा, स्वतःच्या वाढदिवशीसुद्धा माझ्या पोराला आमचीच काळजी!’ लोक-यी गळ्यात पडली, ‘डॅडी, यू-आर-द-बेस्ट!’ वाई-क्वाननं तर चारचौघांत माझा हात धरला, लग्नानंतर पहिल्यांदा! आणि माझ्या काड्यांतला तो हा-गाऊ... गेला ना आईच्या वाटीत. एक वाई-क्वानला. एक लोक-यीला. चौथ्याकडे मी बाबांकडे बघत बघत काड्या नेल्या. म्हटलं, बाप आहे, तीन टोपल्या पोटात आहेत, सगळं माहीत आहे, काही लाज?...

‘माझ्यासाठीही ठेवलास? गुणी पोर!’ म्हणाले, आणि गट्टम! वर बोटं वाजवली. टक्... टक.

‘अगं, ह्याला काहीच नाही उरलं,’ आई म्हणाली.

‘त्याला कुठे एवढा आवडतो?’ वाई-क्वान म्हणाली. ‘आणि वाढदिवसाला शेवया खायच्या असतात, खास सांगून ठेवल्यात मी!’

आल्या शेवया. शेवया कसल्या, एकच शेवई, अखंड, वाडग्यातून निघाली ती संपेचना, तुम्हाला सांगतो, माशांच्या टाकीला वळसा घालून आली असेल! ती तोडायची नाही, जितकी लांब तितकं आयुष्य. सगळे टाळ्या वाजवतायत, ‘ओढ शिंग, ओढ! शंभर वर्षं जगशील!’ ओढली. पूर्ण ओढली. शंभर वर्षं. म्हणजे अजून पन्नास बाकी. म्हणजे अजून सव्वीसशे रविवार... आणि टोपलीत? चारच हो!