दर रविवारी अष्टमी नसते

…नाही, पण मला एक सांगा, अष्टमी काय दर रविवारी येते? येते का? काढा कॅलेंडर, बघा! एक रविवार अष्टमीला आला तर पुढचा हमखास अमावास्येला नाहीतर पौर्णिमेला जाऊन टेकतो, हे आमच्या मुर्ध्यातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल, आणि मला, विलायतेत बारा वर्षं शिकलेल्या जानूला, ते कळलं नाही! … हो हो, ढकलू नका, रांग हलली की मीही हलतो. तुम्ही स्टेशनजवळच्या चाळीत नवीन आलात ना? रत्नागिरीकडचे? मग तुम्हाला हा खारीचा क्लब म्हणजे चार आण्यांत रविवारचा पिक्चर दाखवणारा हॉल, एवढंच माहीत असणार. तुम्हाला सांगतो, आत तो टीव्ही आहे ना, त्यानं एक अख्खी फुटबॉल टीम गिळली. आमची, मुर्ध्याची. आणि ताटात वाढून कोणी दिली? मी!

माझे आईबाप लवकर गेले. मामा बोटीवर खलाशी, तो लिव्हरपूलला उतरला आणि तिथलाच झाला, आणि दहा वर्षांच्या मला घेऊन गेला. पंच्याहत्तर साली परत आलो. लोक विचारतात, का आलास? अहो, गावासाठी! कोणीतरी यायला नको? काकाकडे उतरलो, तुळशीराम तांडेल, होडीवर आणि मुर्ध्याच्या क्लबात सगळे त्याचा शब्द मानतात. काकू चंद्रावती. आणि त्यांचा मुलगा लवू… लवूबद्दल नंतर सांगतो.

तर मी बघतो काय, गावात फुटबॉल! मुर्धा, राई, घोडबंदर, खारी, चार गावांचे चार क्लब, बंद पडलेल्या मिठागरावर खेळतायत, जमीन अशी टणक आणि सपाट की बॉल पडला तर वाजतो. बूट कोणाच्या पायात नाही. गोलाचे खांब म्हणजे काकाच्या होडीची जुनी डोलकाठी मधून कापलेली. आणि मॅच कधी? अष्टमीला! कारण अष्टमीच्या आसपास खाडीचं पाणी सुस्त, जाळ्यात काही येत नाही, होड्या किनाऱ्याला, माणसं मोकळी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा लग्नाचा नवरासुद्धा होडीवर. चारी गावांना हे पाठ. पंचांग हेच टाइमटेबल!

मला हसू आलं हो. तेव्हा आलं.

मग शहात्तर साली या खारीच्या क्लबानं टीव्ही आणला. क्लबाचे अध्यक्ष धर्माजीशेठ, रेतीचा धंदा, बोलायला गोड. बांबूवर अँटेना चढली आणि सगळी पब्लिक रविवारी खारीत! चार आणे तिकीट, हॉल फुल्ल, आणि त्या पैशातून खारीच्या अकरा जणांना बूट. चामड्याचे! राईचा गोलकीपर गेला खारीत, घोडबंदरचे दोघे गेले. मी म्हटलं, थांबा, याला उपाय आहे, मी बघून आलोय! तिकडे इंग्लंडात टीव्हीवाले मॅचेस दाखवतात आणि लीगला पैसे देतात, आणि त्या पैशाचं काय होतं? ब्याण्णव क्लब, ब्याण्णव वाटे! लिव्हरपूलला जेवढे तेवढेच रॉचडेलला, आणि रॉचडेल म्हणजे काय, तिकडची राई समजा! वाटा सगळ्यांना सारखा!

चारी क्लबांची मीटिंग बोलावली. उभा राहिलो. असा बोललो, असा बोललो की घोडबंदरच्या राघो मास्तरांनी डोळे पुसले. "मित्रहो, टीव्ही खारीचा असेल, पण रविवारी जमणारी माणसं चारी गावांची आहेत! मग वाटा सगळ्यांना सारखा!"

मला वाटलं धर्माजीशेठ भांडणार. भांडले असते तर बरं झालं असतं! ते काय म्हणाले? "अरे जानूभाई, एकदम बराबर बोललास! देऊ ना वाटा, का नाय देणार? फक्त काय हाय, पैसा टीव्हीचा, तर मॅचपण टीव्हीच्या दिवशी पायजे. दर रविवारी चार वाजता, आमच्या मैदानावर. मॅच खतम, पब्लिक सीधा अंदर. सगळ्यांचा फायदा. काय?"

फायदाच की! मी तर हुरळलो. वर स्वतःचं डोकं चालवलं, शिस्त पाहिजे म्हणून स्वतःच्या हातानं नियम लिहिला: जी टीम मैदानावर हजर नसेल ती हरली, आणि त्या आठवड्याचा तिचा वाटा हजर टीमना. कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही! अक्षर मात्र सुरेख.

काका मागे बसला होता, गुडघे जवळ घेऊन. म्हणाला, "जानू, पन रविवार कंच्या तिथीला?"

"काका, तिथी कसली? तिकडे शनिवार म्हणजे शनिवार!"

"तिकडं भरती-ओहोटी हाय का न्हाय?"

"आहे की, लिव्हरपूलला चांगली तीस-तीस फूट!"

"मंग?"

मग काय मग? तिकडे खेळणारी माणसं मासे धरत नाहीत, हे माझ्या डोक्यातच नाही आलं! लिव्हरपूलचा सेंटर फॉरवर्ड काय उधाणाला जाळं टाकायला जातो? मी सही केली. काकानं अंगठा उठवला. माझ्यासाठी उठवला हो, विलायतेहून आलेला पुतण्या खोटा पडायला नको म्हणून उठवला!

आणि नशीब असं बदमाश की पहिलाच रविवार अष्टमीला आला! राईला तीन-एक हरवलं, लवूचे तिन्ही गोल. आता सांगतोच लवूचं. अनवाणी खेळायचा, आणि बॉल पायाला असा चिकटलेला की कुत्रं धावावं तसा बरोबर धावायचा. वाटा आला, नवा बॉल आला, गावानं मला खांद्यावर घेतलं. आणि पुढचा रविवार? अमावास्या. उधाण. होड्या खाडीच्या तोंडाला. मैदानावर मुर्ध्याची टीम किती? मी, आणि दुखऱ्या पाठीचा विठू! दोघं उभे, समोर बूट घातलेली खारी. शिट्टी वाजली, आम्ही हरलो, आमचा वाटा हजर टीमनी घेतला, माझ्याच सुरेख अक्षरातल्या नियमानं! मग एक रविवार खेळायचं, एक रविवार हरायचं. घोडबंदरनं दोनदा गैरहजर राहून नादच सोडला. आणि खारी? एकही मॅच चुकली नाही, पोरं धर्माजीशेठच्या रेतीच्या कामावर, रविवारी सुट्टी, आणि मैदान त्यांच्या अंगणात! वाटा सगळ्यांना सारखा… उरलं होतं कोण घ्यायला?

एकदा काका मासे वाटत होता, वाळूवर ढीग लावून. एक होडीचा, एक जाळ्याचा, मग माणशी एक. एक ढीग जास्त राहिला. मी म्हटलं, काका, हा कोणाचा? "दाजीचा. त्याला ताप हाय, घरी पडलाय." मी म्हटलं, तो तर आलाच नव्हता! काकानं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी मराठीच बोललो नाही. "आला न्हाय म्हनून वाटा न्हाय? त्याच्या घरी चूल न्हाय का?"

तुम्हाला सांगतो, तिथंच वाळूवर बसलो. बारा वर्षं साहेबाच्या देशात जाऊन जे शिकून आलो, ते माझ्या काकाच्या होडीत आजोबांपासून चालू होतं, आणि त्याहून बरं चालू होतं! धर्माजीशेठकडे धावलो, म्हटलं, तो नियम काढा. तर म्हणतात, "कसा काढणार भाई? विलायती नियम हाय. तुझी सही हाय."

मग लवू आला. मान खाली. "दादा, धर्माजीशेठ बोलवतोय. बूट देतो, रेतीच्या कामावर रोजची नोकरी देतो. आणि आईला टीव्हीसमोर खुर्ची. पुढची."

"आणि तू काय बोललास?"

"आय हो बोलली."

काकू आतून ओरडली, "बोलली तर बोलली! जन्मभर टोपली डोक्यावर घेऊन फिरले, एक रविवार खुर्चीत बसू नको?" आता हिला काय रॉचडेलचं उदाहरण देणार?

शेवटची मॅच, मुर्धा विरुद्ध खारी. रविवार, आणि अष्टमी! हरलो तर क्लब बंद, हे काकानं आधीच सांगून टाकलेलं, रविवारचं ओझं पोरांना झेपत नाही म्हणून. सगळे आले, विठू पाठीला फडकं बांधून आला. आणि काय खेळलो हो आम्ही! एक-एक. दहा मिनिटं उरलेली. तेवढ्यात हॉलचं दार उघडलं आणि आत टीव्ही लागला.

पब्लिक उठली. अशी उठली की मैदान एका मिनिटात रिकामं! टाळ्या नाहीत, शिव्या नाहीत, नुसती चपलांची फटफट. रेफ्री घड्याळ बघतोय. आणि आमचा गोलकीपर? त्याची बायको शेवंती दारातून हाक मारतेय, "अवं, जागा जाईल! पोराला कुठं बसवू?" आणि तो गेला! गोल सोडून गेला! आणि बॉल कोणाकडे? लवूकडे. पायात खारीचे बूट, समोर बापाच्या डोलकाठीचे दोन खांब, तेही आता खारीत आणून पुरलेले, मध्ये कोणी नाही. थांबला. माझ्याकडे बघितलं. मी काय म्हणायला हवं होतं? मार म्हणू? नको म्हणू? मी… मी मान फिरवली.

मारला त्यानं. हळूच, जसं काही झोपलेल्याला उठवायचं नाही.

अख्ख्या मैदानात एकच माणूस टाळ्या वाजवत होता. काका. "चांगला मारलास रं पोरा." मग गुडघ्यावर हात टेकून उठला, खांब उपटले, खांद्यावर घेतले आणि मुर्ध्याच्या वाटेला लागला. लवू मागून धावला, दोन पावलं, आणि बुटांमुळे घसरला.

आठ दिवस मी अंथरुणात. ताप नव्हता, काही नव्हतं, उठवतच नव्हतं. होडीवर काकाला हात द्यायला जायचो, तेही बंद. आणि रोज संध्याकाळी काका यायचा, उशाशी चार बोंबील, दोन मांदेली ठेवायचा, केळीच्या पानावर. "तुजा वाटा." बस, एवढंच. मीच नियम लिहिला होता ना, हजर नसेल त्याला नाही? मलाच मिळत होता… रोज… हजर नसताना…

हं, हलली रांग. चला. मी? नाही हो, मी पिक्चर बघत नाही. काकूची खुर्ची गेली. लवूचा गुडघा दुखावला, टीममधून काढला, त्याबरोबर खुर्चीही काढली, म्हणून तिच्यासाठी रांगेत उभा आहे. धर्माजीशेठना म्हटलं, खेळाडूची आई आहे, काही सवलत? तर हसले, म्हणाले, "जानूभाई, तूच शिकवलंस ना?" आणि दारावर पाटी दाखवली. बघा, तुम्हीच वाचा, काय लिहिलंय ते… "तिकीट चार आणे. सगळ्यांना सारखं."

सुटे आहेत का हो?