सरदार घराण्याचं स्थळ

—नाही, मुलगा गुणी आहे हो शिरीषराव, केविनबद्दल माझी काही तक्रारच नाही! जुईच्याच वॉर्डात नर्स आहे, जँडल्स—इथल्या रबरी चपला हो—दाराबाहेर काढतो, तुमच्या बहिणीची आमटी वाटी तोंडाला लावून पितो. पण लग्न म्हटलं की घराणं बघायचं की नाही? बघायचंच! तुम्ही मुलीचे मामा, पुण्याहून एवढे आलायत—तुम्हीच जुईला समजवा, हे लग्न नको म्हणून.

हो, पत्रिका मीच छापल्या! पणजोबा चीनमध्ये जनरल होते, एवढंच केविन बोलला—झालं, मी हुरळलो, म्हटलं वा, सरदार घराणं! ‘सरदार फान यांचे पणतू’—केवढ्या मोठ्या अक्षरांत! आमच्या ह्या टाकानिनी उपनगरातल्या झाडून सगळ्या मराठी घरांत वाटल्या. मग रविवारी केविनची आजी चहाला आली. म्हटलं, आजी, सासऱ्यांचा पराक्रम ऐकू दे की. अहो, कसला पराक्रम! आधी गाढवं चोरायचा. बादशाही बुडाली, जिकडेतिकडे अंदाधुंदी, तर ह्यानं चाळीस चोर नि बारा बंदुका जमवून अख्खा जिल्हा बळकावला—नि स्वतःच स्वतःला जनरल केलं! वर्षात चारदा पक्ष बदलला. शिंपी बिचारा पुढचा झेंडा शिवूनच ठेवायचा. बायका सात—हो, सात!—आणि सगळ्या अशा खमक्या, की जनरलसाहेब रोज सात घरी सातदा जेवायचे, नको म्हणायची टाप नव्हती. शेवटच्या लढाईत तोफ फुटली, शत्रूची नव्हे, ह्याचीच—तर सातवीचा झगा घालून कोबीच्या गाडीतून पळाला! आणि म्हातारी हे सांगताना डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होती. लाज नाही, काही नाही.

वर मलाच विचारते, तुमच्याकडे कोण होतं? आता ती एवढं खरं बोलल्यावर थाप मारायला माझी जीभच रेटेना हो, सांगून टाकलं—आजोबा पलटणीत आचारी होते, पहिला बॉम्ब पडला तसे झारा टाकून पळा... म्हणजे सुभेदारच होते! सुभेदारच, पण मधे काही दिवस...

हसताय काय शिरीषराव?

काय? तुमच्या वडिलांना ठाऊक होतं? आमच्या गावी जाऊन चौकशी करून आले होते—लग्नाआधी? आणि तुमच्या बहिणीला, कांचनला? तिलाही! अहो, मग तीस वर्षं ती चारचौघांत ‘सुभेदारांचे नातू’ म्हणून माझी ओळख करून देतेय, ते काय... आणि तरी मुलगी दिलीत?

मुलगा गुणी वाटला म्हणून.

हं.

उठा, हात धुवा, जेवायला बसू. आणि जुईला काही समजवायचं नाही!